किडनी बसवली, आता विचारायचं कोणाला?

दर्यापूरकडचे एक भाऊ विचारतात : ट्रान्सप्लांटला वर्ष झालं, हात लय थरथरतात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकानं टॅक्रोलिमसचा (नवी किडनी टिकवायच्या गोळीचा) डोस कमी केला अन् त्याचं थांबलं म्हणे. मी बी करू का?

नाही भाऊ, मनानं अजिबात नाही. थरथर त्या गोळीनं होते हे खरं, रक्तातली तिची लेव्हल जास्त असली की बरेचदा होते, पण ती जास्त आहे का हे रक्त तपासल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही, ग्रुपवाल्याला तर नाहीच. अन् डोस कमी पडून रिजेक्शन, म्हणजे शरीरानं किडनी नाकारणं, सुरू झालं तरी बरेचदा दुखत नाही, लघवी नीट होत असते, नुसतं रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम बिघडल्याची खूण) चढत जातं. ग्रुपवर धीर मिळतो, कोणती लॅब बरी ते कळतं, त्यासाठी जरूर राहा. डोस मात्र तुमच्या किडनीच्या डॉक्टरला, नेफ्रोलॉजिस्टलाच विचारा.

अजून एक, लेव्हलचं रक्त सकाळच्या गोळीच्या आधी द्यायचं असतं, रात्रीच्या गोळीला साधारण 12 तास झाले की. पहाटेच्या एसटीनं निघताना सवयीनं गोळी घेतली तर रिपोर्ट उगाच जास्त येतो. ती गोळी खिशात बांधून न्या, रक्त दिलं की घ्या.

वरुडच्या ताई : सासऱ्यांना किडनी बसवली, घरची संत्र्याची बाग आहे. यूट्यूबवर सांगून राहिले संत्रं चालत नाही, खरं का?

ताई, तो इशारा ग्रेपफ्रूट नावाच्या वेगळ्या फळाचा असतो. त्यानं टॅक्रोलिमसची लेव्हल चढते, म्हणून ते बंद, पपनसही बंद. आपलं नागपुरी संत्रं त्यात मोडत नाही. फक्त या गोळीनं काहींचं पोटॅशियम वाढतं, तसं असलं तर संत्रं मोजून खावं लागतं. मागच्या रिपोर्टमधलं पोटॅशियम डॉक्टरांना दाखवून किती चालेल ते विचारून घ्या, बागेचं फळ घरच्या माणसाला बंद करायची घाई नको.

प्रश्न : इम्युनिटी वाढवायला गुळवेलीचा काढा घेऊ का? अन् कंबर दुखली तर मेडिकलमधून गोळी?

दोन्ही नको. तुमची प्रतिकारशक्ती औषधं देऊन मुद्दाम दाबून ठेवलीय, नाहीतर शरीर नवी किडनी परकी समजून तिच्यावरच उठतं. मग काढा पिऊन ती वाढवायची कशाला? डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या किडनीला मारक. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिकही लेव्हल चढवतं, म्हणून ताप आला अन् गावातल्या दवाखान्यात गेलात तर आधी गोळ्यांच्या यादीचा फोटो दाखवा, तिथूनच ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला फोन लावा. हे लाजायचं काम नाही.

प्रश्न : भाऊ डायलिसिसवर आहे. एक जण पैसे घेऊन लवकर नंबर लावून देतो म्हणतो.

एक रुपयाही देऊ नका. 1994 च्या कायद्यानं अवयवाची खरेदी-विक्री गुन्हा आहे. मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी नाव हॉस्पिटलमार्फतच लागतं, विदर्भाची यादी नागपूरचं झेडटीसीसी (अवयव वाटपाचं विभागीय केंद्र) पाहतं. शंका असली तर नोट्टो या अवयवदानाच्या सरकारी संस्थेचा टोल फ्री नंबर आहे, 1800-11-4770. अन् भावाचं आधार कार्ड, रिपोर्ट त्या माणसाकडं गेले असतील तर आजच परत मागून घ्या.