दोन अँप्लिफायर, एकच स्पीकर

प्रश्न : दोन अँप्लिफायर घरी आणून ऐकले. दोन्हींचा व्हॉल्यूम नॉब ११ वाजण्याच्या जागी होता. पहिल्याचा आवाज जास्त मोकळा वाटतो. तोच घ्यावा का?

उत्तर : एवढ्यावर ठरवू नका. नॉबची जागा सारखी असली तरी गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) वेगळा असतो. अर्ध्या डेसिबलचा फरक ‘मोठा आवाज’ म्हणून जाणवत नाही. तोच ‘मोकळा’, ‘स्पष्ट’ वाटतो. बहुतेक तुलना इथेच फसतात.

बास, ट्रेबल, लाउडनेस बंद करा. १०० हर्ट्झचा साइन टोन (एकाच स्वराचा सलग आवाज) लावून मल्टिमीटरने स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजा. (१ किलोहर्ट्झला स्वस्त मीटर चुकू शकतात.) पहिल्यावर १.०० व्होल्ट आला, तर दुसऱ्याचा व्हॉल्यूम फिरवून तो ०.९८ ते १.०२ मध्ये आणा, म्हणजे फरक ०.२ डेसिबलच्या आत राहतो. वायर बदलताना अँप्लिफायर बंदच हवा. टोके एकमेकांना टेकली तर आउटपुट ट्रान्झिस्टर जळू शकतात. दोन्ही अँप्लिफायर एकाच स्पीकरला एकदम कधीही जोडू नका.

अदलाबदल दुसऱ्या कुणाला करू द्या, कोणता चालू आहे हे न सांगता. तंबोऱ्यासह गायनाचा तोच २०-३० सेकंदांचा तुकडा पुन्हा पुन्हा ऐका. फरक उरला नाही, तर जवळ सर्व्हिस मिळेल तो घ्या आणि वाचलेले पैसे स्पीकरवर खर्च करा.