कळवणाऱ्याचा तोटा कोण भरून देणार?

मुंबई

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा अग्रलेखाचा मसुदा मिळाला. प्रादेशिक सुरक्षा सहकार्यावर अग्रलेख लिहावा की बर्ड फ्लूच्या पूर्वतयारीवर स्फुट, असे तू विचारतेस, आणि बैठकीत कोणीतरी ‘परराष्ट्र धोरणाच्या जागेत कोंबड्या कशाला’ म्हणून हसले, त्यामुळे अधिकच गोंधळली आहेस. हसणाऱ्यांना डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात बर्ड फ्लूच्याच विषाणूने दगावलेले तीन वाघ आणि एक बिबट्या आठवत नसतील, तर तो त्यांचा प्रश्न. मला वाईट वाटले ते वेगळ्या कारणाने. ‘सदस्य देशांनी माहितीची देवाणघेवाण वाढवावी’ असे लिहून तू पुढे गेलीस; माहिती देणाऱ्याचे त्या दिवशी किती नुकसान होते आणि ते कोण भरून देते, हे मसुद्यात एकदाही विचारलेले नाही. ते विचारलेस की तुझ्यापुढे दोन विषय उरणारच नाहीत.

रायगड किंवा नाशिकच्या बाजूची ब्रॉयलरची शेड पाहिली असशील तर तिथे टांगलेला तक्ता आठवेल. त्यावर रोजची मरतूक लिहिलेली असते: चार, सहा, पाच. एखाद्या सकाळी तिथे साठ लिहावे लागतात, दुसऱ्या दिवशी दोनशे, आणि तुरे निळे पडलेले, माना टाकलेले पक्षी तुसावर दिसू लागतात. अशा वेळी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करायचा, की रातोरात व्यापारी बोलावून उरलेला जिवंत माल पडेल भावात टेम्पोत भरून द्यायचा, हे शेडवाल्याला संध्याकाळच्या आत ठरवावे लागते. टेम्पो भरून देणाऱ्याला आपण अग्रलेखातून बेजबाबदार म्हणतो. फोन करणाऱ्याचे पुढे काय होते, ते मात्र आपण छापत नाही.

त्याचे काय होते ते नीट समजून घे. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत जातात. अहवाल होकारार्थी आला की एक किलोमीटरच्या परिघातले सगळे पक्षी मारून पुरले जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत निगराणी क्षेत्र जाहीर होते. मारलेल्या पक्ष्यांची, नष्ट केलेल्या अंड्यांची आणि खाद्याची भरपाई ठरलेल्या दराने मिळते व तिचा भार केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात. पण पथक येण्याआधी मेलेल्या पक्ष्यांचे काहीच मिळत नाही, आणि निगराणीच्या पट्ट्यात ज्याची विक्री अडकते किंवा भाव कोसळतो त्याचा तोटा त्याच्याच माथी बसतो. करार पद्धतीत तर पिल्ले आणि खाद्य कंपनीचे, शेड आणि मेहनत शेतकऱ्याची. मग पंचनाम्यावर नाव कोणाचे लागते आणि पैसे कोणाच्या खात्यात पडतात, हे तू कोणाला विचारलेस का? जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात आठशे कोंबड्या मेल्या आणि मुंबईत कावळे मेले. बातमी कावळ्यांची मोठी झाली, कारण ते मुंबईत मेले होते.

आता या शेडवाल्याच्या जागी एक देश ठेवून बघ. कोंबडीच्या मांसाच्या मोठ्या निर्यातदारांपैकी एक असलेला थायलंड २००४ च्या जानेवारीत काही आठवडे ‘आमच्या कोंबड्यांना कॉलरा झाला आहे’ असे सांगत राहिला, आणि त्याने बर्ड फ्लू मान्य करताच जपान व युरोपीय संघाने आयात थांबवली. इंडोनेशियात तर बर्ड फ्लूने माणसे दगावत असतानाच त्या सरकारने जागतिक आरोग्य संघटनेला विषाणूचे नमुने देणे थांबवले. आमच्या नमुन्यांवरून परदेशी कंपनी लस बनवणार आणि ती आम्हालाच विकत घ्यावी लागणार, हा आरोग्यमंत्री सिती फादिला सुपारी यांचा आक्षेप होता. त्यांची पद्धत धोक्याची होती, पण प्रश्न खरा होता. नमुने देणाऱ्यांना लशींचा आणि निधीचा वाटा मिळावा ही चौकट जगाने २०११ मध्ये मान्य केली, ती त्यामुळेच. मे २०२५ मध्ये महासाथीचा जागतिक करार स्वीकारला गेला तेव्हाही नमुने कसे द्यायचे आणि त्यांचे लाभ कसे वाटायचे हे ठरवणारी त्याची पुरवणी मागे राहिली. अडते ते तिथेच.

आणि तू लिहितेस, ‘राजकीय इच्छाशक्तीचा अभाव.’ हे वाक्य काढ. २०१४ नंतर सार्कची शिखर परिषद झालेली नाही, तरी मार्च २०२० मध्ये कोविडसाठी सार्क देशांची दूरदृश्य बैठक झाली आणि भारताने एक कोटी डॉलरचा निधी देऊ केला. म्हणजे मनात आले तर पैसा उभा राहतो. बिमस्टेक, म्हणजे बंगालच्या उपसागराभोवतालच्या देशांची संघटना, तिच्या एप्रिल २०२५ मधल्या बँकॉक परिषदेचे वर्णन तू चांगले केलेस, पण तिथली कामाची वाटणी पाहिली नाहीस. सुरक्षा भारताकडे आहे. शेती आणि पशुधन म्यानमारकडे, जिथे २०२१ च्या लष्करी उठावापासून यादवी चालू आहे. आरोग्य श्रीलंकेकडच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागात येते. बर्ड फ्लू या तिघांच्याही टेबलावर येतो, मग नुकसानभरपाईची तरतूद कोणी करायची? मार्च २००७ मध्ये बांगलादेशाने साथ जाहीर केली, जानेवारी २००८ मध्ये सीमेअलीकडे पश्चिम बंगालच्या बीरभूममध्ये ती पसरली, आणि परसातल्या चार-सहा कोंबड्या लोकांनी लपवल्या. सीमेवर पहारा वाढवून त्या चार कोंबड्या कशा सापडणार, हे मला सुरक्षा तज्ज्ञांनी अजून सांगितलेले नाही.

तू म्हणशील, सर पुन्हा तेच सांगत आहेत. हो, तेच सांगतो आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लूची देशातली पहिली साथ जाहीर झाली तेव्हा मी तिथे होतो. पांढऱ्या पोशाखातली पथके पोत्यांतून पक्षी आणून खड्ड्यात टाकत होती, वर चुना पसरत होती, आणि मालक पंचनाम्याच्या कागदावर सही करायला पेन मागत होता. माझ्या मजकुरातला भरपाईचा परिच्छेद जागेअभावी कापला गेला; ‘शिजवलेले चिकन निर्धोक आहे’ सांगणाऱ्या जाहिरातीला मात्र जागा सापडली. पुढे मी तो परिच्छेद प्रत्येक लेखात घालत राहिलो, तेव्हा मला हट्टी ठरवून अग्रलेखावरून रविवार पुरवणीवर पाठवण्यात आले. जरा नमते घेतले असते तर संपादकाची खुर्ची मिळाली असती असे अजूनही काही जण सांगतात. मिळाली असती, पण फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याच नवापुरात पुन्हा खड्डे खणले गेले तेव्हा त्या खुर्चीत बसून मी काय लिहिले असते? खंत आहे ती याची की पहिल्या वेळी ज्यांनी साथ कळवली, त्यांचा धंदा पुढे उभा राहिला की नाही, हे छापायला मला जागा मिळाली नाही.

तेव्हा मसुद्याचा तिसरा परिच्छेद काढून टाक. जानेवारी २०२५ मध्ये उरणच्या चिरनेरला साथ सापडली होती. ते गाव मुंबईपासून लांब नाही. तिथे जा, सरकारी आकडा आणि मालकाच्या हातात पडलेली रक्कम वेगवेगळी विचार, पैसे कधी मिळाले ते विचार, आणि पशुधन विकास अधिकाऱ्याशी शक्यतो समोर बसून बोल, कारण फोनवर ते परिपत्रक वाचून दाखवतात. मग बिमस्टेककडे वळ आणि साथ आधी कळवणाऱ्या देशासाठी निधी असावा, तो कोणी किती भरावा, हे आकड्यांनिशी मांड. सुधारलेला मसुदा गुरुवारपर्यंत पाठव. शब्दमर्यादा ओलांडलीस तर बँकॉकचे वर्णन काप, भरपाईला हात लावू नकोस.

तुझा,
सर