कंपनीच्या म्युझियमसाठी जुन्या डेंटल अवजारांवर पुन्हा निकेल चढवावं का?

तुमचा प्रश्न असा: हिंगणघाटजवळ दाताच्या डॉक्टरांना साहित्य पुरवणारी कंपनी आहे, आजोबांच्या काळची अवजारं गोदामात पडून आहेत, ऑफिसच्या पुढच्या खोलीत त्यांचं म्युझियम करायचंय. सगळ्यांवर नवं निकेल चढवून घ्यावं का, आणि खर्च किती?

चढवू नका. प्लेटिंगवाल्याला गोदामात पाऊलसुद्धा ठेवू देऊ नका.

विदर्भातल्याच एका संग्रहात पायाने चालवायच्या ड्रिलचं हे झालं. अमेरिकन दंतवैद्य मॉरिसनने १८७१ मध्ये पेटंट घेतलेल्या फूट इंजिनच्या घराण्यातलं यंत्र: खाली पायडल, बिडाचं चाक, उभा खांब, टोकाला हँडपीस, म्हणजे डॉक्टरने हातात धरायचा भाग. निकेल नीट धरावं म्हणून सुटे भाग आधी ॲसिडमध्ये बुडवले, मग बफ मारला. चाकावरचा काळा रंग आणि सोनेरी रेघा गेल्या. खांबाच्या कड्यावर कोरलेलं कंपनीचं नाव आणि पेटंटची तारीख घासून सपाट झाली. बिडाच्या बारीक छिद्रांत मुरलेलं ॲसिड पावसाळ्यात बाहेर यायला लागलं आणि नव्या निकेलखाली गंजाचे फोड आले. बफचा मसाला हँडपीसच्या बेअरिंगमध्ये जाऊन बसला. आता ते यंत्र कोणाचं, कोणत्या दशकातलं, हे कोणीच सांगू शकत नाही.

‘चकाचक नसेल तर बघायला कोण येणार’ हा युक्तिवाद मला अजिबात मान्य नाही. पायाच्या ड्रिलशेजारी १९५७ चा बोर्डेनचा एअरोटर, म्हणजे हवेच्या दाबावर फिरणारं ड्रिल, ठेवा आणि पाटीवर लिहा: पायाचं ड्रिल मिनिटाला साधारण दोन हजार फेरे, एअरोटर तीन लाख. लोक थांबतात ते यासाठी. जुनं निकेल, मुठीची झीज, कंपनीचे ठसे हाच तुमचा कागद आहे. लाकडी किंवा हस्तिदंती मूठ दिसली की समजायचं, अवजारं उकळून घ्यायची पद्धत रुळण्याआधीची घडण. पुढे अख्ख्या धातूच्या मुठी आल्या, आणि स्टेनलेस तर विसाव्या शतकातलं.

साफसफाई अशी करा. हातमोजे घाला, जुन्या टोकदार अवजारांवर काय सुकलंय ते कळत नाही. मऊ ब्रशने धूळ काढा. घट्ट झालेलं ग्रीस मिनरल टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने उतरवा, सुटा गंज बांबूच्या काडीने. चिंच, राखुंडी, एमरी पेपर, तारेचा घास यातलं काहीच नको. चिंचेचं आम्ल निकेलच्या भेगांतून आतल्या लोखंडाला लागतं. पूर्ण सुकल्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात देऊन मलमलीने पुसा. नोंदीचा नंबर थेट धातूवर नको: आधी पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक राळेचा थर, त्यावर शाई, वर पुन्हा थर. ॲसिटोनने कधीही निघतो.

आता कूलर. म्युझियमच्या खोलीत लावूच नका. आपल्याकडचा एप्रिल-मे लोखंडासाठी वर्षातला सगळ्यात चांगला काळ, हवा कोरडी असते. कूलर लावला की भर उन्हाळ्यात खोलीत पावसाळा आणलात. लोखंडी वस्तू बंद काचपेटीत सिलिका जेलसोबत ठेवा, आर्द्रता ४० टक्क्यांखाली. हस्तिदंत मात्र त्या पेटीत तडकतं, त्याला ५० च्या आसपास हवी. हस्तिदंत विकता येत नाही आणि जवळ ठेवायलाही कागद लागतात, म्हणून वन विभागात आधी चौकशी करा.

व्हल्कनाइटच्या कवळ्या तिसरीकडे. त्या कडक रबरात गंधक असतं. उजेड आणि दमट हवा लागली की पृष्ठभागावर गंधकाम्ल तयार होतं, कवळी तपकिरी-हिरवट पडते आणि शेजारची चांदी काळी होते. अंधारा खण द्या, गरम पाण्याने धुऊ नका. सेल्युलॉइडच्या, म्हणजे जुन्या प्लास्टिकच्या, मुठीही वेगळ्या ठेवा, त्यांतून निघणारी आम्लं लोखंड खातात. नव्या प्लायवूडच्या कपाटाचं तेच. पावडर कोटिंग केलेलं लोखंडी कपाट बरं.

बफला माझा विरोध फक्त दिसण्यापुरता नाही. अमाल्गम म्हणजे दातात भरायचं पारा घातलेलं मिश्रण. ते घोटायच्या खलात आणि दातात भरायच्या कॅरिअरमध्ये पारा उरलेला असतो. बफच्या उष्णतेने त्याची वाफ होते आणि ती कारागिराच्या फुप्फुसात जाते. दाताची नस मारायच्या जुन्या पेस्टच्या बाटल्यांत आर्सेनिक असू शकतं. त्या उघडू नका, सीलबंद पिशवीत वेगळ्या ठेवा.

खर्चाचा आकडा वस्तू मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. पण मेण, सिलिका जेल आणि आर्द्रतामापक मिळून प्लेटिंगवाल्यापेक्षा कमीच लागेल. खरा पैसा काचपेट्यांत जातो. आणि एकाच ठशाचे, एकाच मापाचे दात काढायचे पाच-सहा चिमटे निघाले, तर त्यातला एक शाळेच्या मुलांना हाताळायला खुशाल चमकवा, मात्र आधी त्याचा फोटो आणि ठसा रजिस्टरमध्ये चढवून.