चार पानांत सतरा वेळा ‘बिचारा’

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल घेऊन ‘बिचारा’ हा शब्द मोजला. चार पानांत सतरा वेळा आलाय. तुझ्या बजीला, त्या चिमुकल्या पाळीव पोपटाला, काय काय जमत नाही, ते मला आता तोंडपाठ झालंय. डावा पाय बाहेर फाकलेला, दांडीवर टिकत नाही, रात्री धपकन खाली येतो, बाकीचे दोघे वर आणि हा तळाला. तो दिवसभर करतो काय, हे मात्र कुठेच नाही. अगदी शेवटी, सहीच्या वर, घाईघाईने लिहिलेली एक ओळ सापडली: ‘भूक चांगली आहे, आणि घंटेशी भांडतो.’ सगळ्या पत्रात कामाची ओळ ती एवढीच.

त्याला असं जगवणं म्हणजे क्रूरपणा तर नाही ना, असं तू विचारलंयस. मी वीसेक वर्षं अधू पाखरं सांभाळतेय आणि दोन्हीकडून चुकलेय. सुरुवातीला एका कॉकटीलचा, म्हणजे तुरेवाल्या लहान पोपटाचा, पंख काढावा लागेल असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा ‘पंखाशिवाय कसला पक्षी’ असं म्हणून मी त्याला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायला सांगितलं. वय, भूक, सगळं उत्तम होतं त्याचं. नंतर एका पंखाची तीन पाखरं माझ्याकडे म्हातारी होऊन गेली, तेव्हा आपण काय करून बसलो ते कळलं. उशीर केला ती गोष्ट पुढे सांगते.

आधी एक गुंता सोडवू. पाय वाकडा असणं, पाय दुखणं आणि प्रकृती खालावत जाणं या तीन निराळ्या गोष्टी आहेत. तुझ्या पत्रात तिन्हींची एकच मोट बांधलीय. त्याचा पाय पिल्लूपणापासून फाकलेला आहे. हाडं कोवळी असतात त्या पहिल्या काही आठवड्यांत डॉक्टर दोन्ही पाय योग्य अंतरावर बांधून ते सरळ करू शकतात. तुझ्याकडे आला तेव्हा तो मोठा झालेला होता, त्यामुळे ती वेळ टळून गेलीय. तेव्हा तुझ्या हातात काही नव्हतं, आता त्याची टोचणी लावून घेऊ नकोस. दोन सरळ पायांवर तो कधी उभाच राहिलेला नाही, त्यामुळे हरवलेल्या पायाची आठवण काढत तो बसत नाही. ती तू काढतेस. मोठेपणी पाय किंवा पंख गमावलेला पक्षी मात्र सुरुवातीला खरोखर गोंधळतो, पडतो, चिडतो. तरीही वेदना औषधाने आटोक्यात असेल तर त्याला काही आठवडे द्यावेत. पहिल्याच आठवड्यात निकाल लावू नये.

आता पिंजरा. यावर मी जरा लांबण लावणार आहे, कारण अधू पक्ष्याचे निम्मे हाल त्याच्या पायामुळे होत नाहीत, धडधाकट पक्ष्यासाठी मांडलेल्या पिंजऱ्यामुळे होतात.

उंच, अरुंद पिंजरा काढून टाक. लांब आणि बुटका घे. दांड्या तळापासून वीतभर उंचीच्या आतच असू देत. निम्म्या ठिकाणी दांडीऐवजी सपाट फळ्या लाव, म्हणजे त्याला पोटावर टेकून बसता येईल. एका फळीवरून दुसरीवर जायला उतरता जिना किंवा जाळीचा तुकडा दे. चढताना तो चोच वापरेल, ते बघून पुन्हा ‘बिचारा’ म्हणू नकोस. पोपटवर्गातले पक्षी चोचीने नुसता आधार घेत नाहीत. 2022 मध्ये लव्हबर्डवर झालेल्या एका अभ्यासात चोचीचा जोर मोजला, तर ती चढताना खऱ्याखुऱ्या पायासारखी शरीर वर ढकलते असं दिसलं. (तुझ्या शेजारणीला सांग की सगळे ज्याला लव्हबर्ड म्हणतात तो बहुतेकदा बजीच असतो. असो.) तेव्हा तुझ्या बजीकडे एक धड पाय, एक लंगडा पाय आणि एक चोच आहे. हिशेब वाटतो तितका वाईट नाही.

तळाशी मऊ कापडाची जाडसर घडी घाल. पायांवर उतरता आलं नाही की पक्षी छातीवर आदळतो आणि छातीच्या मधल्या हाडावरची कातडी फाटते. ही जखम सारखी सारखी उघडते आणि फार दुखते. मात्र कापडाचे धागे सुटणारे नकोत, टॉवेलसारखे फास असलेले तर अजिबात नकोत. नख अडकलं की उरलेला पायही जायचा.

त्या उरलेल्या पायाचीच मला जास्त काळजी आहे. सगळं वजन त्याच्यावर पडतं. आठवड्यातून दोनदा तळवा उलटा करून बघ. निरोगी तळव्यावर बारीक खवल्यांची नक्षी असते. ती पुसट होऊन कातडी गुळगुळीत, लालसर, चकचकीत दिसायला लागली, तर ती पहिली सूचना. मग खपली धरते, मग सूज, आणि संसर्ग हाडापर्यंत गेला की डॉक्टरांचेही हात टेकतात. एकाच जाडीच्या गुळगुळीत दांड्यांनी हे होतं, दांडीवर सॅंडपेपर चढवल्याने होतं, वजन वाढल्याने होतं. नुसत्या बियांवर वाढलेल्या पक्ष्याला अ जीवनसत्त्व कमी पडून कातडी कमकुवत होते, त्यानेही होतं. कमीजास्त जाडीच्या, सालीसकट असलेल्या फांद्या वापर. खाण्यात हिरव्या पालेभाज्या आणि गाजर येऊ देत.

अजून एक गोष्ट, सहसा कुणाच्या लक्षात न येणारी. पक्ष्याला डोकं खाजवायला एक पाय लागतो आणि तेवढा वेळ उभं राहायला दुसरा. तुझ्या बजीला हे जमत नाही. पिसं गळून नवी येतात तेव्हा डोक्यावर पांढऱ्या नळ्यांचे काटे उभे राहतात, त्यांना विलक्षण खाज सुटते, आणि तिथे चोच पोहोचत नाही. सोबत्याने ते काम केलं तर उत्तम. नाहीतर पूर्ण वाळलेल्या, पांढऱ्या नळ्या तू बोटांच्या चिमटीत हलकेच चोळून मोकळ्या कर. बुडाशी काळपट दिसणाऱ्यांना हात लावू नकोस, त्यांत अजून रक्त असतं. पहिल्यांदा चावेल. चार दिवसांनी स्वतःहून मान पुढे करेल. पोटावर बसणाऱ्या पक्ष्याच्या शेपटीखाली शीट चिकटून वाळते, ती कोमट पाण्याच्या बोळ्याने रोज पुसून लगेच कोरडं कर. हाताळताना छाती आवळू नकोस. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड पुढेमागे हललं तरच हवा आत जाते. आवळलेल्या मुठीत पक्षी गुदमरतो.

बाकीच्या दोघांपासून त्याचा पिंजरा वेगळा, पण अगदी शेजारी ठेव. तू समोर असताना एकत्र सोड. पाखरं दुबळ्याला टोचतात, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, फक्त त्याचा धान्याचा वाडगा कुणी अडवत नाही ना ते बघ.

आता तुझा खरा प्रश्न. वहीशिवाय त्याचं उत्तर देता येत नाही. पक्षी आजार लपवतो. रानात दुबळा दिसला की शिकाऱ्याची नजर पडते, त्यामुळे उभं राहवत नाही तोवर तो ठणठणीत असल्याचं सोंग करतो. आजारी बजी वाडग्याशी बसून दाणे सोलतो, टरफलं उडवतो आणि गिळत काहीच नाही, असं मी कितीदा पाहिलंय. आपण म्हणतो, खातोय की! म्हणून एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा घे आणि रोज सकाळी, खाण्याआधी, त्याच वेळी वजन लिही. पाळलेला बजी साधारण 30 ते 40 ग्रॅमचा असतो. 35 ग्रॅममधले साडेतीन गेले म्हणजे दहा टक्के गेले. तेवढ्यावर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, उद्या बघू म्हणायचं नाही. इतका लहान जीव एक-दोन दिवस उपाशी राहिला तरी संपतो. शीटही बघ. घट्ट भाग, पांढरा भाग आणि पाणी असे तीन भाग त्यात असतात. घट्ट भाग कमी होऊन नुसतं हिरवट काही पडायला लागलं तर पोटात अन्न जात नाहीये.

अॅलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्यकांनी 2004 मध्ये एक मोजपट्टी मांडली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा बरे दिवस जास्त का, अशा सात गोष्टींना शून्य ते दहा गुण द्यायचे. बेरीज 35 च्या वर असेल तर सांभाळत राहायला हरकत नाही. ती कुत्र्यामांजरांसाठी केलेली आहे, म्हणून मी ती थोडी वाकवून वापरते. हालचालीला तू पहिल्याच दिवशी दोन गुण देशील. त्याऐवजी असं विचार: जिथे जायचंय तिथे तो पोहोचतो का? सरपटत, चोचीने ओढत, कसाही. पोहोचत असेल तर सात दे. शिवाय नुसत्या बेरजेवर माझा विश्वास नाही. वेदनेच्या रकान्यात शून्य असेल, म्हणजे वेदना आवरतच नसेल, तर बाकीच्या सहांत दहा दहा मिळूनही काही उपयोग नाही.

आणि आनंदाच्या रकान्यात तुझ्या मनाने काही लिहायचं नाही. त्याच्या तीन आवडत्या गोष्टी आत्ताच, तो बरा असताना, लिहून ठेव. एक घंटा. दुसरी आणि तिसरी तू शोध. पाण्यात भिजणं असेल, सकाळी बाकीच्यांना हाक देणं असेल, तुझ्या केसांत तोंड खुपसणं असेल. यातली एक सुटली तर नोंद कर. दोन सुटल्या तर डॉक्टर. तिन्ही सुटल्या, उपचार करूनही परतल्या नाहीत, आणि वजन उतरतंय, तर तुला जे पत्र मला लिहायची भीती वाटतेय ते लिहायची वेळ आली असं समज.

उशिराची गोष्ट इथली आहे. माझा सर्वात जुना कॉकटील, दोन्ही पाय गेलेला, मी खोलीत शिरले की शीळ घालायचा. शेवटचे दोन महिने मी त्या शिळेवर काढले. डॉक्टरांनी विचारलं की म्हणायचे, ‘अहो, शीळ घालतोय ना अजून.’ मग एकदा फोन समोर ठेवून तासभराचं चित्रण केलं. मी बाहेर पडल्यावर अर्ध्या मिनिटात त्याची मान खाली गेली. पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून, श्वासागणिक शेपटी हलवत तो तासभर एका जागी बसला होता. दारात माझी चाहूल लागताच ताठ झाला आणि शीळ घातली. ते मी एकदाच पाहू शकले.

म्हणून तू खोलीत नसताना तो कसा असतो ते आठवड्यातून एकदा बघ. दिवसा डुलक्या काढतो का? पिसं विंचरतो का? एकच जागा सारखी टोकरतो का? वेदनेने पक्षी ओरडत नाही, तो गप्प होत जातो.

दुखतंय असं वाटलं तर घरातल्या गोळीचा चुरा करून देऊ नकोस, कितीही कळवळा आला तरी. डायक्लोफेनॅक हे माणसांच्या दुखण्यावरचं अगदी साधं औषध, पण ते दिलेल्या गुरांची मढी खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि थवेच्या थवे संपले. पक्ष्यांना चालणारी वेदनाशामकं वेगळी असतात आणि ती वजनावर मोजून द्यावी लागतात. इथेही तुझी वही लागेलच.

शेवटचं बोलणं डॉक्टरांशी आत्ताच करून ठेव, घाई नसताना. ते आधी भूल देतात. पक्षी झोपतो आणि मग इंजेक्शन. घरगुती उपाय सांगणारे पुष्कळ भेटतील, ते ऐकूही नकोस. आणि तुझी परीक्षा, तुझी झोप हेही हिशेबात धर. रोज अर्धा तास देणं तुला वर्षानुवर्षं जमणार असेल तर त्याचं नीट होईल. पहिला महिना रात्ररात्र जागून मग कंटाळलीस तर नाही होणार.

तू लिहिलंयस त्यावरून मला तरी तो मरणपंथाला लागलेला पक्षी वाटत नाही. चुकीच्या पिंजऱ्यात राहणारा, तापट पक्षी वाटतो. रात्री पडतो तो दांडी उंच आहे म्हणून, आणि अंधारात दचकतो म्हणून. एक मंद दिवा ठेव.

आज झोपण्याआधी दांडी खाली आण. उद्या सकाळचं वजन कळव, आणि घंटेशी भांडणात कोण जिंकतं तेही.

तुझी
मावशी