व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला पहिल्यांदाच चाललोय. तिथली फुलं ओळखायची कशी आणि मोबाईलवर फोटो कसे काढायचे?

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जाताय, जवळ फक्त मोबाईल आहे, बॉटनी बारावीनंतर सुटलीय आणि सोबत साठीच्या पुढची आई आहे, असं तुम्ही लिहिलंय. आईंबद्दल शेवटी लिहितो, आधी फुलं.

तारखा चांगल्या निवडल्यात. जूनमध्ये गेलात तर नाल्यांत अजून बर्फ असतो, फुलं बुटकी आणि तुरळक असतात. प्रिम्युला आणि अ‍ॅनिमोन बघायचे असतील तर मात्र तेव्हाच जावं. मध्य जुलै ते मध्य ऑगस्ट या काळात सगळ्यात जास्त प्रकार एकाच वेळी दिसतात. वर्षातले सहा-सात महिने जमीन बर्फाखाली असते, त्यामुळे उगवणं, फुलणं, बी धरणं हे सगळं तीन-चार महिन्यांत उरकावं लागतं. ऑगस्टच्या मध्यानंतर उंच गुलाबी तेरडा आणि पांढरं पॉलिगोनम माणसाच्या कमरेच्या वर जातं आणि बारकी फुलं त्याखाली झाकली जातात. हे पॉलिगोनम इतकं माजतं की वन खातं दरवर्षी माणसं लावून ते उपटून काढतं. 1982 साली राष्ट्रीय उद्यान झाल्यावर तिथली चराई बंद झाली, तेव्हापासून ते वाढलं असं म्हणणारे बरेच आहेत आणि त्यावर वादही आहे.

आता मूळ प्रश्न. ओळख पटवायची असेल तर नुसत्या फुलाचा समोरून काढलेला सुंदर फोटो जवळजवळ कुचकामी असतो. माझ्याकडे लोक ‘हे कोणतं फूल?’ म्हणून फोटो पाठवतात, त्यात पाकळ्या लखलखीत असतात आणि मागचं सगळं पोर्ट्रेट मोडने पुसून टाकलेलं असतं. पान नाही, देठ नाही, उंची कळत नाही. अशा वेळी ‘पिवळं फूल’ यापलीकडे प्रामाणिकपणे काही सांगता येत नाही. आणि गंमत म्हणजे आपण सगळे आधी रंग बघतो, पण ओळखायच्या कामात सगळ्यात जास्त दगा रंगच देतो.

पोटेंटिला घ्या. दरीत गर्द लाल रंगाची, पाच पाकळ्यांची पोटेंटिला जागोजागी दिसते. थोडं पुढे अगदी तशाच झुडपावर पिवळी फुलं दिसतात. दोन्हींची पानं तीन पर्णिकांची (म्हणजे एका पानाचे तीन छोटे भाग), दातेरी कडांची, आणि उलटी केली की खाली चंदेरी लव. रंग वेगळे असूनही काही वनस्पतीशास्त्रज्ञ या दोघींना एकाच जातीचे प्रकार मानतात. उलट पिवळी पोटेंटिला आणि पिवळं बटरकप समोरून जुळी वाटतात, पण त्यांची कुळंसुद्धा वेगळी. पोटेंटिला गुलाबाच्या कुळातली. फरक बघायला फूल न तोडता नुसतं बोटाने कलतं करून मागून बघा. बटरकपला मागे पाच हिरवी संदलं, म्हणजे पाकळ्यांखालची पानासारखी दलं, असतात. पोटेंटिलाला पाच संदलं आणि त्यांच्या मधे आणखी पाच बारीक, अशी दहा टोकं दिसतात. शिवाय बटरकपची पाकळी तेल लावल्यासारखी चकाकते.

अ‍ॅनिमोनचंही तेच. समोरून पांढरं फूल, मागून निळसर झाक. ती झाक फोटोत आली तर अर्धं काम झालं. मोरिना नावाचं एक काटेरी पानांचं झाड आहे, त्याची फुलं उमलताना पांढरी असतात आणि परागण झालं की गुलाबी होत जातात. एकाच दांड्यावर दोन्ही रंग दिसतात, आणि बघणाऱ्याला वाटतं दोन झाडं गुंतलीत.

म्हणून माझी पद्धत अशी: प्रत्येक नव्या झाडाचे किमान चार फोटो. आधी थोडं लांबून सगळं झाड, जमिनीसकट, म्हणजे ते खडकावर आहे, गवतात आहे की पाण्याच्या कडेला आहे ते कळतं. मग फूल समोरून. मग फूल बाजूने किंवा मागून. मग पान, खोडाला जिथे जोडलंय त्या जागेसकट, आणि जमलं तर पानाची खालची बाजू. एखाद्या फोटोत स्वतःचं बोट येऊ द्या, मापाला बरं पडतं. फळ किंवा शेंग धरली असेल तर तीही. छत्रीसारखे पांढरे गुच्छ असलेली, कोथिंबिरीच्या कुळातली जी उंच झाडं दिसतील, ती तर फळ आणि पान बघितल्याशिवाय भल्याभल्यांना ओळखता येत नाहीत. त्यांच्यापायी पहिल्या ट्रिपला वेळ घालवू नका. पिवळ्या डेझीसारख्या फुलांचंही तेच.

निळ्या-जांभळ्या फुलांकडे मात्र वेळ काढून बघा. डोक्यावर टोपी ओढल्यासारखा आकार असेल तर ते अ‍ॅकोनायटम, म्हणजे आपल्या आयुर्वेदातल्या अतिविष आणि बचनागाचं कुळ. पाठीमागे शेपटीसारखा निमुळता काटा असेल तर डेल्फिनियम. दोन्ही विषारी, तेव्हा तोडायचं नाही, चघळायचं तर नाहीच. निळं-जांभळं, मध्यभागी पांढरट आणि पाकळ्यांवर शिरा उठून दिसणारं पसरट फूल म्हणजे बहुधा जिरेनियम. ते इतकं सर्रास आहे की दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याच्याकडे बघणारही नाही. सोंडेसारखी वळलेली चोच आणि नेच्यासारखी चिरलेली पानं असतील तर पेडिक्युलॅरिस. त्याला बरेच जण ऑर्किड समजतात. ते गवताच्या मुळांतून थोडा रस चोरून जगतं.

तेरडा तुम्हाला लगेच ओळखू येईल. आपल्याकडे गौरीला जो तेरडा आणतात त्याचाच हा हिमालयातला भाऊबंद. फुलामागची शेपटी बघा आणि पिकलेल्या शेंगेला हळूच हात लावा, तशीच फुटते.

ब्रह्मकमळाचं आधीच सांगतो, कारण यावर प्रत्येक ग्रुपमध्ये भांडण होतं. पुण्या-मुंबईत गॅलरीत रात्री उमलणारं, ज्याचे फोटो सगळे स्टेटसला टाकतात, ते मध्य अमेरिकेकडून आलेलं एक निवडुंग आहे. हिमालयातलं ब्रह्मकमळ, उत्तराखंडचं राज्यपुष्प, सूर्यफुलाच्या कुळातलं आहे. बाहेर जे फिकट पिवळसर-हिरवं, कागदासारखं दिसतं त्या पाकळ्या नव्हेत, ती आवरणं आहेत. आतली जांभळी बोंडं ही खरी फुलं. आवरणं पावसापासून परागकण वाचवतात आणि आत थोडी ऊब धरून ठेवतात. ते खालच्या दरीत शोधत बसू नका. दरीजवळच उंचावर हेमकुंड साहिब गुरुद्वारा आहे, त्या हेमकुंडच्या वाटेवर, वरच्या टप्प्यात, खडकांमधे मिळेल. जुलैअखेर नुकतं सुरू होत असतं, ऑगस्टमध्ये भरपूर. फोटो काढताना एखाद्या आवरणाच्या फटीतून आतली बोंडं दिसतील असा कोन शोधा, नाहीतर फोटो कोबीचा वाटतो.

त्याच वाटेवर ब्लू पॉपी आहे. खडकाच्या कपारीत, अंगभर काटेरी केस, चार-सहा चुरगळलेल्या रेशमी पाकळ्या आणि मधे पिवळ्या पुंकेसरांचा झुबका. जोराचा पाऊस झाला की पाकळ्या गळतात, म्हणून दिसलं की तिथेच फोटो घ्या, उतरताना घेऊ म्हणू नका. हेमकुंडचा दिवस कठीण असतो: घांगरिया, म्हणजे आपलं मुक्कामाचं गाव, सुमारे 3,050 मीटरवर, हेमकुंड 4,300 च्या आसपास, म्हणजे एका दिवसात हजाराहून जास्त मीटर चढ. दम लागलेला असताना हात थरथरतात. दोन मिनिटं बसा, श्वास खाली आला की फोन गुडघ्यावर टेकवून फोटो घ्या.

मोबाईलबद्दल. डीएसएलआर भाड्याने घ्यावा का असं विचारलंयत. माझं मत, नको. घरचा मॅक्रो लेन्स असता तर गोष्ट वेगळी. अनोळखी कॅमेरा, पाऊस आणि चढ या तिघांची सांगड जमत नाही. फोनमध्ये दोन गोष्टी टाळा. पोर्ट्रेट मोड, कारण तो पाकळीची कड आणि केस खातो. आणि वाइड लेन्सवर चालणारा मॅक्रो मोड, कारण त्यासाठी फोन फुलाला चिकटवावा लागतो आणि फोनचीच सावली पडते. त्यापेक्षा एक-दीड फुटांवरून 2 एक्स किंवा 3 एक्स झूम वापरा. फुलावर बोट दाबून धरून फोकस लॉक करा आणि उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. पांढरी फुलं हमखास जळतात, आणि लाल पोटेंटिला तर सपाट लाल डाग होऊन बसते, शिरा दिसतच नाहीत. किंचित अंधारा फोटो नंतर उजळता येतो, जळलेला परत आणता येत नाही.

ढगाळ हवा बघून हिरमुसू नका. फुलांना तोच उजेड मानवतो. निळा रंग कडक उन्हात फोनमध्ये भलताच येतो. ऊन पडलंच तर सोबतच्या माणसाची सावली फुलावर घ्या; त्यासाठी मी पांढऱ्या कापडाची छत्री नेतो, ती उन्हाला गाळते आणि वाऱ्यालाही अडवते. खरा शत्रू वारा. दुपारी दरीत वारा सुटतो, म्हणून नाजूक फुलं सकाळीच उरका. गेट सकाळी सातच्या सुमारास उघडतं, तेव्हा पहिल्या लोकांत असा. जेन्शियनसारखी फुलं मात्र याला अपवाद: ऊन येईपर्यंत मिटलेली असतात आणि ढग आला की पुन्हा मिटतात. ती दुपारसाठी ठेवा. वारा असेल तर बर्स्ट लावून दहा-पंधरा फोटो घ्या, एखादा स्थिर मिळतोच. लेन्सवर धुकं बसतं, त्यामुळे चष्म्याचं कोरडं फडकं शर्टाच्या आतल्या खिशात ठेवा, सॅकमधलं ओलं होतं.

झोपून किंवा गुडघ्यावर बसून फुलाच्या पातळीवरून फोटो घ्या, पण पायवाटेवरूनच. ‘एक पाऊल आत गेलो तर काय होतंय’ म्हणणारे शेकडो असतात, आणि वाटेच्या कडेची तुडवलेली रोपटी बघितली की कळतं काय होतंय. फुलं तोडायला बंदी आहेच.

ओळखायला अ‍ॅप चालतं का? तिथे बसून नाही, दरीत नेटवर्क धरून चालू नका. फोनचं लोकेशन चालू ठेवा, म्हणजे जागा आणि तारीख फोटोत नोंदली जाईल, आणि ओळखायचं काम घरी येऊन करा. गूगल लेन्स कुळापर्यंत बऱ्यापैकी नेतं, पण जातीच्या बाबतीत बिनदिक्कत युरोपातलं किंवा बागेतलं नाव सांगतं. मी आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साईटवर एका झाडाचे सगळे फोटो एकाच नोंदीत टाकतो. तिथे जाणकार माणसं दुरुस्त करतात, आणि पान-मागची बाजू असलेल्या नोंदींना उत्तर लवकर येतं. फ्लॉवर्स ऑफ इंडिया या साईटवर रंगानुसार चाळता येतं, नवशिक्याला ते सोयीचं. एक पथ्य पाळा: सालमपंजाचं ऑर्किड, म्हणजे हाताच्या पंज्यासारखं मूळ असलेलं, जांभळ्या-गुलाबी तुऱ्याचं, दिसलं तर नेमकी जागा सोशल मीडियावर टाकू नका. औषधासाठी ते आणि अतीस (म्हणजे वरचं अतिविष), कुटकी या मुळ्या चोरून उपटल्या जातात.

दरीसाठी दोन दिवस ठेवा. पहिल्या दिवशी बहुतेक लोक पहिल्या मोठ्या कुरणात थबकतात. दुसऱ्या दिवशी न थांबता जोन मार्गारेट लेग यांच्या थडग्यापर्यंत जा. फुलं गोळा करायला आलेल्या या बाई 1939 साली इथेच कड्यावरून घसरून गेल्या. तिथून पुढे पुष्पावती नदीच्या पात्राकडे गर्दी विरळ होते, आणि वाळू-गोट्यांत एपिलोबियमचे बुटके, मोठ्या गुलाबी फुलांचे ताटवे दिसतात, जे वरच्या कुरणात नाहीत. मुक्काम दरीत करता येत नाही, पाचच्या आत गेटबाहेर यावं लागतं, तेव्हा परतीचा वेळ धरून चला. शिवाय जोशीमठच्या रस्त्यावर पावसाळ्यात दरडी कोसळतात. परतीचं तिकीट एक दिवस मोकळा सोडून काढा.

आता आई. गोविंदघाटहून पुलनापर्यंत गाडी जाते, तिथून घांगरियापर्यंत खेचर मिळतं, हेमकुंडलाही मिळतं. दरीत मात्र खेचरांना बंदी आहे. पायी जमणार नसेल तर घांगरियात कंडी मिळते, पाठीवरच्या टोपलीत बसवून नेतात. दर आदल्या संध्याकाळीच ठरवून घ्या, सकाळी गर्दीत चढा सांगतात. पायी येणार असतील तर पुष्पावतीच्या पुलानंतरचा दगडी चढ तेवढा कठीण आहे, त्याला काठी आणि भरपूर वेळ द्या. घांगरियात पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी दरी आणि त्यानंतर हेमकुंड असा क्रम ठेवा, म्हणजे उंचीची थोडी सवय होते. त्यांना बीपीची गोळी चालू असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना उंचीचं सांगून विचारा.