चौकातला ऑपेरा ऐकू येतो का?

प्रश्न : मी सांगलीत सुगम संगीताचा वर्ग घेते. माझी मुलगी न्यू जर्सीत असते. ती सांगते, की तिकडे बागेत, चौकात, रेल्वे स्टेशनवर ऑपेरा होतात, काही अगदी दहा-पंधरा मिनिटांचे आणि फुकट. रंगमंच नाही, पडदा नाही, मग याला ऑपेरा का म्हणायचं? एवढ्या वर्दळीत ऐकू तरी काय येतं? आणि माझ्या वर्गातल्या मुलींना घेऊन असं काही करता येईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, ऐकू येण्याच्या प्रश्नापासून सुरुवात करते. बाकी सगळं त्यावरच उभं आहे.

ऑपेरा म्हणजे गाऊन सादर होणारं नाटक, आणि त्यातला गायक सहसा माईकशिवाय गातो. वाद्यवृंदाचा जोर साधारण ५०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५०० कंपनांच्या, आसपास असतो. तयार गळ्यात, विशेषतः पुरुषांच्या, ३००० हर्ट्झच्या जवळपास एक वेगळं तेज येतं, आणि तिथे आपला कानही तीक्ष्ण असतो. स्वीडनचे आवाजाचे अभ्यासक योहान सुंडबर्ग यांनी हे मोजून दाखवलं आहे. गाड्यांची घरघर खालच्या पट्टीतली, त्यामुळे असा आवाज तिच्यातून वर निघतो. अडचण होते ती उघड्या जागेची. भिंत नाही, छत नाही, सूर परतून येत नाही. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. पाच पावलांवरून स्पष्ट ऐकू येणारा शब्द वीस पावलांवर विरून गेलेला असतो.

म्हणून जाणती मंडळी आधी अंतर ठरवतात आणि मग चाल बांधतात. ऑक्टोबर २०१८मध्ये न्यूयॉर्कच्या हाय लाइनवर झालेला ‘द माइल-लाँग ऑपेरा’ याचं सर्वांत सुंदर उदाहरण आहे. हाय लाइन म्हणजे मालगाड्यांचा जुना उंचावरचा लोहमार्ग, आता तिथे बाग आहे. संगीत डेव्हिड लँग यांचं, शब्द ॲन कार्सन आणि क्लॉडिया रँकिन या कवयित्रींचे. संध्याकाळी सात वाजता तुम्ही काय करत असता, असं न्यूयॉर्ककरांना विचारून मिळालेल्या उत्तरांमधून ते शब्द घडले. वाटेवर हजार गायक उभे राहिले, त्यांत व्यावसायिक होते तसे वस्त्यांमधल्या गायनवृंदांतले हौशीही होते. प्रवेश फुकट. गायक जागेवर, चालायचं श्रोत्यांनी. मी तेव्हा तिथे होते. एकेका गायकासमोरून जाताना त्याचे शब्द स्पष्ट कानी येत, मागचा आवाज विझत जाई आणि पुढचा उजळत येई. एक वयस्क बाई माझ्या डोळ्यांत बघून गात होत्या. मी थांबले, तर त्यांनीही नजर हलवली नाही. सभागृहात पहिल्या रांगेत बसूनही इतकं जवळचं गाणं मी कधी ऐकलेलं नाही. आपल्याकडे वासुदेव दारात येऊन गातो, तेव्हा त्याचं गाणं असंच त्या घरापुरतं होतं.

लॉस एंजेलिसच्या युनियन स्टेशनवर २०१३मध्ये दुसरा मार्ग निवडला गेला. क्रिस्टोफर सेरोन यांचा ‘इनव्हिजिबल सिटीज’ श्रोत्यांनी बिनतारी हेडफोन लावून, स्टेशनभर फिरत ऐकला. त्याला तिकीट होतं. येणाऱ्याजाणाऱ्या प्रवाशांना मात्र शेजारचा माणूस अचानक गाऊ लागलेला फुकट ऐकता आला. कल्पना हुशारीची आहे, पण मला ती रुचत नाही. हेडफोनमध्ये गायक कायम तेवढाच जवळ राहतो, मग चालण्याला अर्थ काय उरला?

ऑपेरा का म्हणायचं? माणसाचं बोलणं, त्याची भीती, त्याचा थकवा सुरांनी वाहिला की माझ्या लेखी तो ऑपेरा. २०१९मध्ये व्हेनिसच्या बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात लिथुआनियाच्या तीन स्त्रियांनी, रुगिले बार्झ्जुकाइते, वैवा ग्रायनिते आणि लिना लापेलिते यांनी, एका इमारतीत वाळूचा समुद्रकिनारा उभा केला. गायक टॉवेलवर आडवे पडून गात होते, प्रेक्षक वरच्या सज्जातून बघत होते. कुणी उन्हापासून जपायच्या मलमाबद्दल गातोय, कुणी कामाने आलेल्या थकव्याबद्दल. हळूहळू कळतं, की सगळी पृथ्वीच थकली आहे. प्रयोग तासन्‌तास फिरून फिरून चाले, कधीही या, कधीही जा. ‘सन अँड सी’ नावाच्या या ऑपेराला त्या वर्षी बिएनालेत सर्वोत्तम राष्ट्रीय सहभागाचा गोल्डन लायन पुरस्कार मिळाला.

प्रयोग छोटे असतात ते खर्चामुळेही. पूर्ण लांबीचा नवा ऑपेरा उभा करणं फार महाग. लंडनची टेट-अ-टेट ही संस्था २००७पासून नव्या ऑपेरांचा महोत्सव भरवते. तिथे रचनाकाराला अर्धीकच्ची कल्पनाही लोकांपुढे तपासता येते. किंग्ज क्रॉसच्या मोकळ्या चौकात त्यांनी छोटे, फुकट प्रयोगही केले. वाटसरू दहा मिनिटं उभा राहतो, तासभर नाही.

तुमच्या मुलींना हे नक्की जमेल. विषय सांगलीचाच घ्या. पुराचं पाणी चढत असताना घरातून आधी काय उचललंत, हे दहा-बारा बायकांना विचारा आणि त्यांच्याच शब्दांना चाली लावा. प्रत्येकीला दीड-दोन मिनिटांचं गाणं पुरे, ते ती पुन्हा पुन्हा गाईल. सगळ्यांची पट्टी एकच ठेवा, म्हणजे शेजारचा सूर कानावर आला तरी बोचणार नाही. पाठीशी दगडी भिंत असेल अशी जागा शोधा. पालिकेची आणि पोलिसांची परवानगी वेळेत काढा. बाहेरून कुणी गायला बोलावलंत, तर मानधन द्या. प्रयोग फुकट असतो तो ऐकणाऱ्यांसाठी.

पहिली तालीम वर्गात घेऊ नका. प्रयोगाच्या वेळेलाच, त्याच जागी घ्या. एक मुलगी गात असताना दुसरीला मागे मागे सरकू द्या आणि शब्द तुटेल तिथे खडूने रेघ मारा. दोघींच्या रेघा एकमेकींना छेदत असतील, तर त्यांना आणखी लांब उभं करा. तारीख ठरली की कळवा, मी येईन.