खाडीच्या तिसऱ्या (शिंपल्या) गोळा करायला लागलायस तर हे आधी वाच

भावा, ओहोटीला चिखलात उतरून तिसऱ्या काढायची मजा मला माहितीये, पण ठाण्याच्या खाडीतल्या नको खाऊस, माहीमच्या तर अजिबातच नको, तिथे सांडपाण्याने घाण झालेली मिठी नदी येऊन मिळते. तिसऱ्या, कालवं पाणी गाळून जगतात, दिवसभर पाणी आत घेतात नि त्यातलं शिसं, कॅडमियम, पारा असलं विषारी मेटल अंगात साठत जातं. वरून काहीच कळत नाही रे, विळीवर उघडलीस की मांस तसंच पांढरं, रसरशीत दिसतं, वासही चांगलाच येतो.

आणि मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवून वाळू ओकवली म्हणजे झालं असं समजू नकोस, वाळू जाते, थोडेफार जंतू जातात, पण मेटल मांसात बसलेलं असतं, ते स्वच्छ पाण्यातही निघायला आठवडे-महिने लागतात. उकळून, तळून, कोकम घालूनही जात नाही. युरोपात शिंपल्यांना कॅडमियमची मर्यादा किलोला १ मिलिग्रॅम आहे, इतकं ते जपतात, कारण एकदा किडनीत गेलं की दहा-वीस वर्षं हलत नाही. शिसं पोरांच्या मेंदूला वाईट, म्हणून लहान मुलं आणि पोटुशी बाई घरात असेल तर खरंच रिस्क घेऊ नको.

कोळणीकडून वाटा घेताना सरळ विचार, मावशी कुठल्या खाडीच्या? कंपन्या, नाले, जेट्टी यांच्यापासून लांबच्या असतील तरच घे. आणि खेकड्याच्या कवटीतला तपकिरी गर कमी खा, कॅडमियम जास्त तिथेच असतं.